'रेझर'चं मूळ शोधताना : नव्याने व्युत्पत्तीकडे वळणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव अंकात मी अर्ध्या पानाचा मजकूर दिला होता. विषय होता दाढीच्या सामानातले इंग्रजी शब्द. त्यात मी ठासून लिहिलं होतं की 'बार्बर' आणि 'बार्बेरियन' हे शब्द एकाच मुळातले, कारण रानटी टोळ्यांचे लोक दाढ्या वाढवत. अंक वाटून झाला आणि तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे निवृत्त संस्कृत शिक्षक वर आले. रागावले नाहीत. "हे कुठे पाहिलंत?" एवढंच त्यांनी विचारलं. मी गप्प बसले, कारण मी कुठेच पाहिलं नव्हतं. दोन शब्द कानाला सारखे लागले, मध्ये एक गोष्ट बेतशीर बसली, आणि मी ती छापायला दिली.

'बार्बर' आला लॅटिन 'बार्बा' म्हणजे दाढी या शब्दावरून. 'बार्बेरियन' आला ग्रीक 'बार्बारोस'वरून, म्हणजे ज्याची बोली 'बर्‌बर्‌' अशी ऐकू येते तो परका. आपला 'बर्बर' त्याच्या बाजूचा. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. सरांनी त्या दिवशी मला कोश उघडून बसवलं आणि त्यानंतर मी व्युत्पत्तीचं, म्हणजे शब्दाचं मूळ शोधण्याचं, काम रीतसर शिकले. सुरुवातीला मी जिथे जिथे अडखळले, तिथे तुम्ही अडखळू नये म्हणून हा लेख. सगळी पद्धत एकाच शब्दावर दाखवते. शब्द रोजचा आहे : रेझर.

सामान काय लागेल

- एक वही किंवा कोरी कार्डं. दर शब्दाला एक कार्ड. मोबाइलमधल्या नोंदी नंतर सापडत नाहीत, हा माझा अनुभव.
- इंग्रजीसाठी डग्लस हार्पर यांचा ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी हा कोश. फुकट आहे, सुरुवातीला पुरतो. पुढे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी लागते. तिला वर्गणी पडते, पण मोठ्या ग्रंथालयांत पाहायला मिळू शकते. एका खंडाची छोटी ऑक्सफर्ड आणि ही अनेक खंडांची ऑक्सफर्ड वेगळ्या आहेत. आपल्याला मोठी हवी, कारण ती प्रत्येक अर्थाखाली तो कधीपासून लिहिलेला सापडतो ते तारखेसह देते.
- लॅटिनसाठी लुइस आणि शॉर्ट यांचा कोश. इंटरनेटवर मोकळा आहे.
- संस्कृतसाठी आपटे आणि मोनियर-विल्यम्स.
- मराठीसाठी मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती 1857), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश. भारतीय आर्य भाषांची नाती एकत्र पाहायची तर टर्नरचा तौलनिक कोश. यातले मोल्सवर्थ आणि टर्नर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात शोधता येतात.

लॅटिन यायला हवं अशी अट नाही. मला आजही येत नाही. कोशातली नोंद वाचता आली पाहिजे, आणि ती सवयीने येते.

1. आधी अर्थ गोळा करा, मुळाकडे नंतर वळा

नवीन माणूस पहिल्याच मिनिटाला 'मूळ काय?' असं विचारतो. थांबा. आधी आज तो शब्द काय काय कामं करतो ते कार्डावर उतरवा.

इंग्रजीत 'रेझर' म्हणजे दाढीचं कोणतंही धारदार साधन. घडीचा वस्तरा हाही रेझर, पातं बसवायची दांडी हाही रेझर, विजेवर चालणारं यंत्रही रेझरच. शिवाय कुंपणावरची पात्यांची तार म्हणजे रेझर वायर. तल्लख बुद्धीला 'रेझर-शार्प' म्हणतात. तत्त्वज्ञानात 'ऑकमचा रेझर' आहे : गरज नसताना गृहीतकं वाढवू नका, जास्तीची छाटून टाका. हा नियम विल्यम ऑफ ऑकम या 14व्या शतकातल्या इंग्रज भिक्षूच्या नावावर आहे, पण त्याला वस्तऱ्याची उपमा त्याच्या मृत्यूनंतर काही शतकांनी चिकटली. म्हणून 'ऑकमने हा शब्द वापरला' असं कार्डावर लिहू नका.

आता मराठीतला 'रेझर' पाहा. तो अर्थाने अरुंद आहे. आपण घडीच्या पात्याला रेझर म्हणत नाही, वस्तरा म्हणतो. रेझर म्हणजे ब्लेड अडकवायची दांडी, किंवा दुकानात मिळणारं ते एकदा वापरून टाकायचं प्लॅस्टिकचं. कारण सरळ आहे. वस्तरा आपल्याकडे आधीपासून होता, त्याला नाव होतं. पातं बदलायचा सेफ्टी रेझर ही नवी वस्तू होती. किंग कँप जिलेट यांच्या कंपनीने अमेरिकेत 1903 मध्ये तो विकायला काढला आणि पुढे तो जगभर गेला. नवी वस्तू आली, तिच्यासोबत तिचं नाव आलं, आणि ते त्या वस्तूपुरतंच राहिलं.

खोडा इथे आहे : उसना शब्द मूळ भाषेतला सगळा अर्थ घेऊन येत नाही. इंग्रजी शब्दाचं मूळ शोधताना मराठीतला अर्थ मनात धरून बसलात, तर जुनी वाक्यं वाचताना गोंधळ होतो. 700 वर्षांपूर्वीच्या इंग्रजी मजकुरातला 'रेझर' म्हणजे वस्तरा.

2. एकेक पायरी मागे जा, आणि प्रत्येक पायरीवर काळ लिहा

आता नोंदीचा मुळाचा भाग उघडा. 'रेझर' इंग्रजीत 1300च्या सुमारास 'रासूर' अशा रूपात दिसतो. तो आला जुन्या फ्रेंचमधल्या 'रासोर'वरून, आणि तो 'रासे' म्हणजे खरवडणे, भादरणे या क्रियापदावरून. त्याच्या मागे मध्ययुगीन लॅटिन 'रासारे', आणि त्याच्याही मागे अभिजात लॅटिन 'रादेरे' : खरवडणे, घासून काढणे, दाढी करणे.

हे सगळं एका ओळीत छापलेलं असतं, आणि वाचणारा थेट शेवटच्या शब्दावर उडी मारतो. उडी मारू नका. मधल्या पायऱ्यांत इतिहास आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबार आणि कचेरी फ्रेंच बोलू लागली, आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला. त्याआधी इंग्रजांकडे वस्तरा नव्हता का? होता. जुन्या इंग्रजीत त्याला 'शेअरसेअक्स' म्हणत. 'सेअक्स' म्हणजे सुरा, आणि पहिला भाग कातरण्याचा. हा घरचा शब्द मागे पडला आणि फ्रेंच पाहुणा बसला. गंमत अशी की क्रिया मात्र घरचीच राहिली : 'शेव्ह' हा अस्सल जर्मानिक (म्हणजे इंग्रजी, जर्मन यांच्या कुळातला) शब्द, जुन्या इंग्रजीत 'शाफान'. म्हणजे इंग्रज माणूस सकाळी घरच्या क्रियापदाने आणि परक्या अवजाराने दाढी करतो.

आपल्याकडेही हेच झालंय. दाढी करणं आपलं, वस्तरा फारसी 'उस्तुरा'वरून आलेला.

3. कोशाची खुणांची भाषा शिका

माझे सुरुवातीचे सहा महिने इथेच गेले, म्हणून इथे सावकाश जाऊया.

पहिली खूण म्हणजे चांदणी. शब्दाच्या आधी छोटी चांदणी दिसली, की तो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही. भाषातज्ज्ञांनी त्याची भावंडं ताडून तो पुन्हा उभा केला आहे. 'रादेरे'च्या मागे चांदणी लावलेलं 'रेद्‌' असं मूळ दिलेलं असतं, अर्थ खरवडणे, कुरतडणे. ते आदि-इंडो-युरोपीय या भाषेचं, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी या सगळ्यांची पूर्वज मानलेली भाषा, जिचा एकही शिलालेख किंवा पोथी नाही. चांदणी उतरवून 'पाच हजार वर्षांपूर्वी लोक रेद्‌ म्हणत' असं लिहिणं चूक.

दुसरी खूण दोन शब्दप्रयोगांतल्या फरकाची. इंग्रजी कोश कधी 'फ्रॉम' म्हणतो, कधी 'अकिन टू' किंवा 'कॉग्नेट'. 'फ्रॉम' म्हणजे वंश : हा त्याचा मुलगा. 'अकिन' म्हणजे नातं : हे चुलत भाऊ, दोघांचे आजोबा एक. मोबाइलवर फिरणारे 'इंग्रजीतला अमुक शब्द संस्कृतमधून आला' असे जे मजकूर असतात, त्यांतल्या बहुतेकांची चूक नेमकी ही असते. कोशात 'अकिन' असतं, पुढे पाठवणारा 'फ्रॉम' करतो. चुलत भावाला बाप म्हटलं तर दोघांचाही अपमान होतो.

तिसरी खूण 'प्रॉबॅब्ली', 'पर्हॅप्स' अशा शब्दांची. ते गाळू नका, कार्डावर जसेच्या तसे उतरवा. उदाहरण द्यायचं तर दाढीनंतर गालावर उठणारं 'रॅश'. कोश म्हणतात की तो फ्रेंचमधून आणि मागे त्याच 'रादेरे'च्या घरातून आला असावा. 'असावा' महत्त्वाचं. आणि 'घाईने वागणारा' या अर्थाचा दुसरा 'रॅश' आहे, तो पूर्णपणे वेगळा, जर्मानिक. एकाच रूपाच्या दोन शब्दांना कोशात वेगळे अंक दिलेले असतात. आपण कोणत्या अंकाची नोंद वाचतोय ते आधी पाहा.

4. भावंडं जमवा

लॅटिनपर्यंत पोहोचलात की हातात किल्ली येते. 'रादेरे'चं भूतकाळवाचक रूप 'रासुस', म्हणजे खरवडलेलं. आता तुमच्या ओळखीच्या इंग्रजी शब्दांत 'रॅस', 'रेझ' शोधा.

'इरेज' : खरवडून काढणे. मुलांच्या कंपासपेटीतला इरेजर हा रेझरचा सख्खा चुलत भाऊ. 'रेझ' : इमारत जमीनदोस्त करणे, म्हणजे जमिनीपासून भादरून टाकणे. 'अब्रेजन' : घासून निघालेली कातडी. 'ताबुला रासा' : कोरी पाटी. रोमन लोक मेण लावलेल्या लाकडी पाटीवर टोकदार काडीने लिहीत आणि मेण खरवडून ती पुन्हा सपाट करत, तिथून हा शब्दप्रयोग.

आता एक शंका तुमच्या मनात यायला हवी. 'रादेरे'त 'द' आहे, 'रासुस'मध्ये 'स' कुठून आला? शंका आली नाही तर थांबून ती आणा, कारण व्युत्पत्ती या शंकांवरच चालते. लॅटिनमध्ये धातूच्या शेवटचा 'द' आणि प्रत्ययातला 'त' एकत्र आले की तिथे 'स' होतो. त्याच्या खुणा आपण शाळेपासून पाठ केलेल्या आहेत : डिसाइड पण डिसिजन, डिव्हाइड पण डिव्हिजन, इन्व्हेड पण इन्व्हेजन. त्याच चालीवर अब्रेड पण अब्रेजन. ज्या दिवशी मला हे दिसलं त्या दिवशी मी सरांकडे धावत गेले होते. शाळेत ही रूपं घोकली, पण त्यांच्यामागे नियम आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि अर्थाकडेही बघा. या सगळ्या शब्दांत कापणं नाही, खरवडणं आहे. माझे आजोबा दर रविवारी सकाळी ओसरीवर बसून वस्तऱ्याने दाढी करत. पितळी वाटीत कढत पाणी, बाजूला तुरटीचा खडा, खिडकीच्या गजाला अडकवलेला चामड्याचा पट्टा. आधी पट्ट्यावर पातं उलटसुलट फिरवायचे. मग गाल एका हाताने ताणून वस्तरा टेकवला की कोरड्या नारळाच्या करवंटीवर विळी फिरावी तसा खर्र आवाज यायचा, आणि फेस वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पुसला की त्यात काळे-पांढरे खुंट दिसायचे. तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला 'रादेरे'चा पहिला अर्थ खरवडणं का, हे समजवावं लागत नाही. जुन्या शब्दाचा अर्थ अडला तर त्या वस्तूकडे, तिच्या हालचालीकडे जा.

5. आपल्या घरात नातेवाईक आहे का, ते तपासून पाहा

'रेद्‌' या मुळाखाली कोश संस्कृत नोंद देतात : 'रदति' म्हणजे खरवडतो, कुरतडतो, आणि 'रद', 'रदन' म्हणजे दात.

मी ही नोंद वाचली तेव्हा भाद्रपद सुरू होता. खाली मांडवात अथर्वशीर्षाची आवर्तनं चालली होती, आणि मी खिडकीत कार्ड घेऊन बसले असताना ती ओळ वर आली : रदं च वरदं हस्तैर्बिभ्राणं मूषकध्वजम्‌. लहानपणापासून शेकडो वेळा म्हटलेली ओळ. हातात 'रद' म्हणजे स्वतःचा सुळा धरलेला, ध्वजावर उंदीर असलेला. पेन्सिल हातातच राहिली. जो दात कुरतडतो तो रद, जे पातं खरवडतं ते रेझर, आणि उंदराच्या जातीला इंग्रजीत 'रोडंट' म्हणतात तो लॅटिन 'रोदेरे' म्हणजे कुरतडणे याच्यावरून, जो 'रादेरे'च्याच कुळातला मानतात. शिवाय 'मूषक' आणि 'माउस' हेही एकमेकांचे नातेवाईक. एका ओळीत एवढी मंडळी.

पण आनंदात तपासणी विसरू नका. नातं खरं आहे का हे पाहायला ध्वनींचा हिशोब लागतो. संस्कृत 'द'च्या जागी लॅटिनमध्येही 'द' असतो, आणि इंग्रजीच्या घरच्या शब्दांत 'ट' : द्वि, दुओ, टू, दश, देकेम, टेन. 'रद' आणि 'रादेरे' यांत दोन्हीकडे 'द' आहे, हिशोब जुळतो. 'रेझर'मध्ये 'ट' का नाही? कारण तो इंग्रजीचा घरचा नाही, लॅटिनच्या दारातून आला. दोन-तीन जोड्या अशा ताडून पाहिल्याशिवाय नातं जाहीर करू नये.

आणि त्याच ओळीत एक सापळा आहे. 'वरद' शब्दातही 'रद' ऐकू येतो. तिथे दाताचा काही संबंध नाही : 'वर' अधिक 'द', वर देणारा. 'नारद', 'शारदा' यांतही नाही. उलट 'द्विरद' म्हणजे हत्ती यात आहे, दोन सुळ्यांचा तो द्विरद. ओठाला 'रदनच्छद' म्हणतात, दातांचं झाकण, त्यातही आहे. शब्द कुठे तोडायचा हे कान सांगत नाही, व्याकरण सांगतं.

आता कार्डावर काय लिहायचं? 'रेझर संस्कृतमधून आला' असं नाही. लिहायचं : रेझर फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून; त्या लॅटिन धातूचं संस्कृत 'रद्‌'शी नातं.

6. समानार्थी शब्दाला नातेवाईक समजू नका

वस्तऱ्याला संस्कृतमध्ये 'क्षुर'. त्यावरून 'क्षौर'. मग क्षुर आणि रेझर यांचं नातं काय? काहीच नाही. अर्थ एक, कूळ वेगळं.

'क्षुर'चा भाऊ ग्रीकमध्ये आहे : 'क्सुरॉन', अर्थ वस्तरा. रूप आणि अर्थ दोन्ही इतके तंतोतंत जुळणाऱ्या जोड्या फार थोड्या. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात देवाला विनवणी आहे की आम्हाला क्षुरासारखी धार लाव. आणि हा क्षुर आजही आपल्या स्वयंपाकघरात आहे. 'क्षुरिका', 'छुरिका' होत होत ती 'सुरी' झाली. कांदा चिरताना हातात असते ती.

या क्षुराभोवती एक मोठा गैरसमज आहे. कठोपनिषदात 'क्षुरस्य धारा निशिता दुरत्यया' असा मंत्र आहे (1.3.14) : वस्तऱ्याची तीक्ष्ण धार, ओलांडायला अवघड, तसा तो मार्ग. इंग्रजीत 'ऑन द रेझर्स एज' असा वाक्प्रचार आहे, म्हणजे निर्णय इकडे की तिकडे अशा टोकावर असणं. 1944 साली इंग्रज लेखक सॉमरसेट मॉमने कठोपनिषदातल्या या मंत्रावरून आपल्या कादंबरीला 'द रेझर्स एज' हे नाव दिलं, आणि त्यामुळे कित्येक जण समजतात की तो वाक्प्रचारच उपनिषदातून इंग्रजीत गेला. इंग्रजी वाक्प्रचाराचा माग ग्रीककडे जातो. होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यात, दहाव्या सर्गात, म्हातारा नेस्टर डायमिडीझ या योद्ध्याला उठवून सांगतो की आपलं जगणं-मरणं आता वस्तऱ्याच्या धारेवर उभं आहे. तिथे शब्द तोच, 'क्सुरॉन'. दोन भाऊभाऊ शब्द, दोन्हीकडे धारेची उपमा, पण एकीकडे मुक्तीची वाट आणि दुसरीकडे लढाईतला बाका प्रसंग. उपमा एकाने दुसऱ्याकडून घेतली असं म्हणायला आधार नाही. वस्तरा हाताळणाऱ्या कुणालाही ती सुचू शकते.

7. मराठीची बाजूही भरा

इंग्रजी शब्दाचं कार्ड करताना पाठीमागे मराठीतले त्याच कामाचे शब्द लिहा. तुलना केली की दोन्ही भाषा उलगडतात.

'हजामत' अरबी 'हिजामा'वरून. मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे. पूर्वी हे काम आणि केस कापायचं काम एकाच हातात असे, युरोपातही तसंच होतं, म्हणून शब्द एका कामावरून दुसऱ्यावर सरकला. 'न्हावी' शब्दाच्या मागे न्हाऊ घालण्याचा अर्थ आहे, 'न्हाणे'च्या घरातला. आणि 'शांपू', जो आपल्याला पक्का साहेबी वाटतो, तो 18व्या शतकात हिंदुस्थानी 'चाँपो'वरून इंग्रजीत गेला. चाँपना म्हणजे दाबणे, चेपणे. इंग्रजीत आधी त्याचा अर्थ अंग रगडणे असा होता, केस धुणे नंतर.

उलट, खायची 'शेव' आणि दाढीचा 'शेव्ह' यांना जोडू नका. हसू नका, मला एका वाचकाने खरोखर विचारलं होतं. त्याचा प्रश्न प्रामाणिक होता आणि उत्तर तेच : कानावर जाऊ नका.

एक काळजी घ्या. 'हजाम' हा शब्द आपल्याकडे हिणवायला वापरला गेला आहे, आणि 'बिनपाण्याने हजामत' सारखे प्रयोगही आहेत. कार्डावर अर्थाशेजारी असा सूरही नोंदवा. ज्या समाजाचा हा व्यवसाय आहे तो स्वतःला नाभिक म्हणवतो, लेखात तोच शब्द वापरावा. शब्दाचा इतिहास सांगताना माणसं दुखावण्याचं कारण नाही.

8. कार्ड पूर्ण करा

माझं 'रेझर'चं कार्ड असं आहे :

शब्द : रेझर. भाषा : इंग्रजी, नाम.
अर्थ : दाढीचं धारदार साधन (कोणतंही). मराठीत : पातं बसवायची दांडी किंवा एकदा वापरून टाकायचं प्लॅस्टिकचं, एवढाच.
इंग्रजीत केव्हापासून : 1300च्या सुमारास, रूप 'रासूर'.
कुठून : जुनी फ्रेंच 'रासोर', 'रासे' या क्रियापदावरून, ते मध्ययुगीन लॅटिन 'रासारे', ते लॅटिन 'रादेरे', खरवडणे.
आधीचा घरचा शब्द : शेअरसेअक्स.
भावंडं : इरेज, रेझ, अब्रेजन, ताबुला रासा. 'रॅश' (त्वचेवरचं) : बहुधा.
नातं : संस्कृत रदति, रद, रदन. (नातं, वंश नव्हे.)
नातं नाही : क्षुर, सुरी, वरद.
कुठे पाहिलं : कोशाचं नाव, नोंद, तारीख.

शेवटची ओळ कधीही रिकामी ठेवू नका. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 पासून संस्कृतचा ऐतिहासिक कोश चालू आहे. त्यासाठी शब्दांच्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार केल्या गेल्या, आणि चिठ्ठीवर शब्द कोणत्या ग्रंथात, कुठे आला ते लिहिलेलं असतं. आपलं कार्ड म्हणजे त्या चिठ्ठीचंच घरगुती रूप. सरांनी मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या एका ओळीत असतं.

पहिल्या कार्डाला मला चार संध्याकाळी लागल्या. आता एका शब्दाला तासभर पुरतो, आडमुठा शब्द असला तर जास्त.

दुसरं कार्ड 'शेव्ह'चं करा. सुरुवातीला एक धागा देते : 'क्लीन-शेव्हन' मध्ये शेवटी 'न' आहे, 'शेव्ह्‌ड'सारखा 'ड' नाही, हे जुनं रूप कुठून उरलं ते पाहा. मग जर्मन 'शाबेन' गाठा, आणि तिथून लॅटिन 'स्काबेरे'. तिथे पोहोचलात की खरूज या रोगाचं डॉक्टरी नाव आठवून बघा.